आगाऊ पैसे आणि ठरलेली तारीख



आज घरघंटीबद्दल बोलायचं आहे. दळणाबद्दल नाही, न आलेल्या घरघंटीबद्दल. गेल्या महिन्यात रोह्याहून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या बचत गटातल्या चौघींनी नव्या धाटणीची घरघंटी नोंदवली होती. प्रदर्शनात चालवून दाखवली होती, आवाज कमी, पीठ गरम होत नाही, जाळी बदलायची कटकट नाही. प्रत्येकीने पाच हजार रुपये आगाऊ भरले. "पंधरा दिवसांत घरपोच" असं विक्रेता म्हणाला. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे अडीच महिने. फोन केला की आधी "माल गोडाऊनला लागलाय", मग "गाडी निघाली", मग "एक पार्ट वरून यायचा आहे". आता फोन उचलतो, पण "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतो.

ताई मला म्हणाल्या, "आम्हाला फसवलंय की नुसता उशीर होतोय, तेच कळत नाही. भांडावं की थांबावं?"

हा प्रश्न घेऊनच आजचं बोलणं आहे, कारण तो त्या एकट्या ताईंचा नाही. नवी वस्तू बाजारात येते, गाजावाजा होतो, आपण पैसे भरतो आणि मग वाट बघतो. वाट बघताना मनात काय काय येतं आणि हातात काय काय असतं, ते पाहू.

आधी दोन फोनांची गोष्ट. दोन्ही खऱ्या, दोन्ही तुमच्या आठवणीतल्या.

पहिली २०१६ सालची. १७ फेब्रुवारीला दिल्लीत एका मोबाइलचं मोठ्या थाटात अनावरण झालं. नाव 'फ्रीडम २५१', किंमत २५१ रुपये. लग्नात आहेर करतो तेवढी रक्कम, आणि त्यात म्हणे टचस्क्रीनचा फोन! कंपनी नोएडाची, रिंगिंग बेल्स नावाची. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी सुरू झाली आणि एवढे लोक तुटून पडले की कंपनीची वेबसाइट बंद पडली. फोनसाठी नाव नोंदवणारे कोट्यवधी निघाले. पोचवण्याचे ४० रुपये धरून २९१ रुपये प्रत्यक्ष भरले ते पहिल्या तीसेक हजार लोकांनी. फोन ३० जूनपर्यंत मिळेल, असं सांगितलं होतं. समारंभात जो फोन वाटला त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते पांढऱ्या रंगाने झाकलं होतं, हे लवकरच बाहेर आलं. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी तेव्हाच यावर जाहीर शंका घेतली होती. गवगवा वाढल्यावर कंपनीने आगाऊ घेतलेले पैसे परत करत असल्याचं सांगितलं आणि 'फोन हातात पडला की पैसे द्या' असा पवित्रा घेतला. फोन मिळाले ते थोड्यांना. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीच्या संचालकाला अटक झाली, तीही एका वितरकाच्या तक्रारीवरून. त्या वितरकाचे पैसे लाखांत अडकले होते. ज्यांचे २९१ अडकले होते त्यांच्यापैकी पोलिसांत कितीजण गेले असतील, तुम्हीच विचार करा. २९१ रुपयांसाठी पोलीस स्टेशनची पायरी कोण चढतं?

दुसरी गोष्ट २०१७ सालची. २१ जुलैला मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. बटणांचा, साधा दिसणारा, पण इंटरनेट चालणारा. किंमत शून्य आणि अनामत १,५०० रुपये, तीन वर्षांनी परत. नोंदणी करताना ५०० भरायचे, फोन घेताना हजार. आपल्याकडे नागोठण्याला त्याच कंपनीचा मोठा कारखाना, त्यामुळे नाव घरातल्यासारखं ओळखीचं. नोंदणी सुरू झाली २४ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी. दोनच दिवसांत ती थांबवावी लागली. साठ लाखांच्या आसपास नोंदणी झाली होती.

साठ लाख गुणिले पाचशे म्हणजे तीनशे कोटी रुपये. आणि फोन? सप्टेंबरमध्ये मिळेल, असं सांगितलं होतं. पहिले फोन निघाले ते सप्टेंबर संपता संपता, नवरात्रात. खेड्यापाड्यांपासून आणि लहान गावांपासून वाटप सुरू केलं, ही गोष्ट चांगली झाली. पण तोवर महिनाभर लोक दुकानदाराकडे खेटे घालत होते. फोन हातात पडायच्या वेळी अटी नीट वाचल्या गेल्या. अनामत परत हवी तर वर्षाला किमान १,५०० रुपयांचं रिचार्ज करायला हवं, आणि फोन तीन वर्षांच्या आत परत केला तर अनामत पूर्ण मिळणार नाही. व्हॉट्सॲप तर त्यात नव्हतंच, ते आलं वर्षभराने, सप्टेंबर २०१८ मध्ये. अनेकींनी फोन घेतला होता तो मुळात मुंबईतल्या मुलाचा चेहरा व्हॉट्सॲपवर बघायला.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. जिओफोन आला. उशिरा आला, अटी घेऊन आला, पण आला आणि कितीतरी घरांत पहिल्यांदा इंटरनेट आलं. पहिल्या गोष्टीत आणि दुसऱ्या गोष्टीत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण २५ ऑगस्ट २०१६ ला किंवा २५ ऑगस्ट २०१७ ला, नुसती वाट बघत बसलेल्या बाईला तो फरक दिसला असता का? तिला दिसत होतं ते एवढंच: पैसे दिले आणि वस्तू आली नाही. रोह्याच्या ताई याच जागी उभ्या आहेत.

कंपन्या वस्तू तयार होण्याआधी पैसे का घेतात, हेही समजून घेऊ, म्हणजे विनाकारण राग नको आणि विनाकारण विश्वासही नको. नवी वस्तू किती खपेल याचा अंदाज कुणालाच नसतो. दहा हजार बनवल्या आणि दोन हजार खपल्या तर धंदा बुडतो. म्हणून आधी नोंदणी घ्यायची आणि त्यावरून माल बनवायचा. दुसरं, आगाऊ आलेला पैसा हा बिनव्याजी भांडवल असतो. बँकेकडून काढलं तर व्याज पडतं, आपल्याकडून काढलं तर आपण उलट आभार मानतो. तिसरं, "मर्यादित माल, लवकर करा" म्हटलं की घाई होते आणि घाईत माणूस कागद वाचत नाही. यात पहिलं कारण रास्त आहे. दुसऱ्यात आपण डोळे उघडे ठेवून उतरलो तर हरकत नाही. तिसरं मात्र निव्वळ खेळ आहे आणि तो आपल्या मनाशी खेळला जातो.

आगाऊ पैसे घेणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घराघरांचे गट करून एकत्र खरेदी करते. मागणी आधी गोळा होते, माल मग येतो आणि गटात वाटला जातो. आपल्या बचत गटांना ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. तिथे आगाऊ मागणीने भाव पडतो आणि माल ठरल्या वेळी येतो, कारण मागणारा आणि आणणारा एकमेकांना हिशेब देतात.

आणि आपल्याला तर लांब जायला नको. पेणकडे या.

पेणला, हमरापूर-जोह्याकडे, वर्षभर गणपती घडतात. माणसं मूर्ती आधी पसंत करतात, थोडी रक्कम देतात, नाव लिहिलेली चिठ्ठी त्या मूर्तीला लागते. आपण निर्धास्त घरी येतो. कशाच्या जोरावर? कारखानदार देवमाणूस आहे म्हणून नाही. चतुर्थीनंतरच्या गणपतीला काडीची किंमत नाही, हे दोघांनाही माहीत आहे म्हणून. पावसाळ्यात माती वाळत नाही, वीज जाते, रंगारी आजारी पडतो, आखणी करणारा ऐन वेळी दुसऱ्या शेडमध्ये जातो. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. तरी डोळ्यांची आखणी चतुर्थीच्या आधी झालीच पाहिजे. म्हणून अनुभवी कारखानदार आपल्या हाताने किती मूर्ती होतील ते ओळखतो आणि तेवढ्या झाल्या की नवी नोंद घेत नाही. "या वर्षी नाही जमणार, काका" असं तोंडावर सांगतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कितीतरी महिने आधी जहाजावर चढतात, कारण समुद्र चतुर्थीसाठी थांबत नाही.

२०२० आठवा. लॉकडाउन चालू, त्यात ३ जूनला रायगडवर निसर्ग चक्रीवादळ, आणि पुढे सरकारचा नियम आला की सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंतच आणि घरची दोन फुटांपर्यंतच. मोठ्या मूर्ती शेडमध्ये तयार होत्या, त्या तशाच राहिल्या. गणपती मात्र २२ ऑगस्टला घरोघर बसले. तारीख हलली नाही, उंची कमी झाली.

कायद्याच्या भाषेत याला 'मुदत हा कराराचा गाभा असणं' म्हणतात. आपल्याकडे करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं ५५ वं कलम सांगतं: ज्या व्यवहारात वेळेला महत्त्व आहे असं दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, तिथे वेळ चुकली तर ज्याला वस्तू मिळायची होती त्याला व्यवहार मोडता येतो. गणपतीच्या बाबतीत हे कुणी लिहून देत नाही, गरजच नाही. पण घरघंटी? विक्रेता म्हणेल, "घरघंटी काय, आज आली काय आणि पुढच्या महिन्यात आली काय, पीठच दळायचं ना?" म्हणून आपली चतुर्थी कोणती, ते आपण त्याच्या पावतीवर लिहून घ्यायला हवं. "दिवाळीच्या फराळाच्या दळणासाठी हवी, अमुक तारखेपर्यंत." एक ओळ. त्या ओळीने घरघंटीचा गणपती होतो.

ही ओळ मी शिकले ती फार महागात. आता ती गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही.

आमचा गट पेणच्या खारेपाटातला. पोह्यांचे पापड, मिरगुंड, कुरडया, हेच आमचं काम. काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींनी एक नवं यंत्र नोंदवलं. पीठ मळायचं, लाटायचं आणि गोल कापायचं, असं तिन्ही एकत्र करणारं. त्या वेळी ते मॉडेल नवंच निघालेलं होतं. किंमत ६८,००० रुपये, निम्मे आगाऊ. आमच्या खजिनदार बाईंनी ते प्रदर्शनात पाहिलं, त्यांनीच बैठकीत समजावलं आणि ठराव वहीत ठराव झाला. चौतीस हजार गटाच्या खात्यातून गेले. फेब्रुवारी महिना होता. होळीपर्यंत यंत्र येईल, असं सांगितलं. पावतीवर तारीख नव्हती. आम्हाला ते लक्षातही आलं नाही, कारण माणूस गोड बोलत होता.

उन्हाळा हाच आमचा हंगाम. मार्च-एप्रिलचं ऊन वाया गेलं की वर्ष गेलं. यंत्राच्या भरवशावर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाची साठ किलो पापडांची मागणी आम्ही घेऊन बसलो होतो. होळी गेली. पाडवा गेला. दर आठवड्याला फोन. एप्रिलच्या अखेरीला आम्ही पुन्हा पोळपाट-लाटणं घेऊन बसलो, पण हाताने जमले ते बावीस किलो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

त्या तीन महिन्यांत आमचं काय झालं ते मला अजून आठवतं. सुरुवातीला आम्ही एकमेकींची समजूत काढत होतो: "मोठी कंपनी आहे, पळून थोडीच जाणार?" कुणी शंका काढली तर आम्हीच कंपनीची बाजू घेऊन बोलायचो, कारण कंपनी खोटी ठरली तर आम्ही मूर्ख ठरणार होतो. मग लाज वाटायला लागली. शेजारणींनी विचारलं, "आलं का गं यंत्र?" की विषय बदलायचा. घरच्या पुरुषांना तर सांगितलंच नाही. आणि शेवटी राग आला, पण तो निघाला कुणावर? ज्याने पैसे घेतले तो शहरात, फोनच्या पलीकडे. हाताशी होती आमची खजिनदार. "तूच म्हणालीस ना घेऊया?" एका बैठकीत हे वाक्य मी स्वतः बोलले. त्यानंतर दोन महिने ती बैठकीला आली नाही. हप्ता मुलीच्या हाती पाठवायची.

यंत्र आलं जूनमध्ये, भर पावसात. टेम्पो दारात उभा राहिला आणि आम्ही सगळं विसरलो. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, टेम्पोवाल्याला चहा दिला. त्याने चलन पुढे केलं, त्यावर छापलेलं होतं: 'माल सुस्थितीत व तक्रारीविना मिळाला'. अध्यक्षबाईंनी खाली सही केली.

नंतर हंगाम बुडाल्याची भरपाई मागितली तेव्हा उत्तर आलं, "तुम्ही तर सही करून माल घेतलात." आम्हाला ते उर्मट वाटलं. पण पुढे अलिबागला गेले असताना एका वकीलबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच ५५ व्या कलमाचा पुढचा भाग दाखवला. मुदत चुकल्यामुळे व्यवहार मोडायचा हक्क आपल्याला मिळाला, तरी उशिरा आलेली वस्तू आपण घेतली, तर उशिराने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच. वस्तू घेतानाच, त्याच वेळी, "मी भरपाई मागणार आहे" असं समोरच्याला कळवलेलं असलं पाहिजे.

म्हणजे नारळ फोडायच्या आधी चलनावर एक ओळ लिहायची होती. "ठरल्या मुदतीनंतर अमुक दिवसांनी माल मिळाला, नुकसानभरपाईचा हक्क राखून घेत आहोत." तारीख, सही, आणि त्या चलनाचा मोबाइलवर फोटो. टेम्पोवाला कुरकुर करेल, "मला काय माहीत, मी ड्रायव्हर आहे" म्हणेल. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचा काही दोष नाही. आपण आपलं लिहायचं. तो लिहू देत नसेल तर त्याच दिवशी कंपनीला तेच मेसेजने किंवा पत्राने कळवायचं.

आता ग्राहक कायद्याकडे येते. जुना कायदा १९८६ चा होता. सध्या चालतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. यातल्या ज्या गोष्टी आपल्या कामाच्या, तेवढ्याच सांगते.

गट ग्राहक होऊ शकतो का? होऊ शकतो. कायद्यात 'व्यक्ती' म्हणताना सहकारी संस्था आणि माणसांचा समूहही धरला आहे, नोंदणी झालेली असो वा नसो. मात्र एक मेख आहे. धंद्यासाठी, नफ्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. कंपनीचा वकील हेच म्हणणार: "हे पापड विकतात, हे ग्राहक नाहीत, व्यापारी आहेत." त्याला उत्तर कायद्यातच आहे. केवळ स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच. म्हणून ठराव लिहिताना नुसतं 'यंत्र घेण्याचे ठरले' असं लिहू नका. 'सभासद स्वतः काम करून उपजीविका करतात, त्यासाठी यंत्र घेत आहोत' असं लिहा. खोटं काहीच लिहायचं नाही, जे आहे तेच पूर्ण लिहायचं.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. सांगितलेल्या मुदतीनंतर वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नाही म्हणता येत नाही. पूर, वादळ अशा हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. म्हणून ऑनलाइन वस्तूच्या पानावर 'अमुक तारखेपर्यंत मिळेल' असं दिसतं तेव्हा त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. ती तारीख नंतर बदलते. आधीची कुठली होती ते तुमच्याशिवाय कुणीच जपून ठेवत नाही.

तक्रारीची पहिली जागा म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतूनही बोलता येतं. ही कचेरी न्यायालय नाही, ती कुणाला दंड करत नाही. ती तक्रार नोंदवते, नंबर देते आणि कंपनीपर्यंत पोचवते. "मग काय उपयोग?" असं वाटेल. उपयोग असा: एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीविरुद्ध, ओलाविरुद्ध, सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात या हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी जमल्या. दुरुस्तीला उशीर, गाडी मिळायला उशीर, सांगितलं तसं न करणं, अशा. त्या आकड्यावरूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला नोटीस काढली. बहुतेक तक्रारी सोडवल्याचं कंपनीने सांगितलं. पण घरात बसून चडफडणाऱ्यांचा आकडा कुणी मोजत नाही, फोन करणाऱ्यांचा मोजतात.

तेवढ्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपला अलिबागला. आता वस्तू पुण्याहून घेतलेली असो वा सुरतेहून, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हा नव्या कायद्याने केलेला मोठाच बदल आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर माझ्यावर रागावायला नको.

आयोगात जायच्या आधी एक पत्र. साध्या मराठीत, अर्ध्या पानाचं. अमुक तारखेला इतके रुपये भरले, ही पावती, अमुक तारखेला वस्तू द्यायची होती, आली नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत वस्तू द्या किंवा पैसे परत करा. दोन्हींपैकी आपल्याला काय हवं ते स्पष्ट लिहायचं. स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवायची. पत्रात शिव्याशाप नकोत, रडगाणंही नको. "आम्ही गरीब बायका आहोत" हे वाक्य तर मुळीच नको. आपण दान मागत नाही आहोत.

तर रोह्याच्या ताईंचा प्रश्न: फसवणूक की उशीर? मी त्यांना म्हटलं, ताई, ते शोधून काढणं तुमचं काम नाही. गोडाऊनला काय लागलंय, पार्ट कुठून यायचाय, मालक अडचणीत आहे की लबाड आहे, या चौकशीत अडीच महिने गेले. त्याच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक. तुमच्याकडे एक तारीख होती, ती गेली. पैसे परत मागायला तेवढं पुरे. वस्तू हवीच असेल तर नवी तारीख लेखी घ्या आणि ती चुकली तर पैसे परत, हेही त्याच कागदावर घ्या. तो खरंच अडचणीत असेल तर लिहून द्यायला त्याला काही जड जाणार नाही. लबाड असेल तर तो लिहून देणार नाही, आणि मग तुम्हाला जे कळत नव्हतं तेही कळेल.

पावतीवर तारीख नव्हती, आमच्यासारखीच. पण ताईंच्या सुनेने विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज पुसले नव्हते. त्यात "१५ दिवसांत नक्की" असं त्याने स्वतः लिहिलेलं होतं, तारखेसकट. त्या मेसेजचे फोटो काढले. चौघींनी एकत्र बसून पत्र लिहिलं, चौघींनी सह्या केल्या. ज्या ताईंनी घरघंटी सुचवली होती त्यांना मुद्दाम मध्ये बसवलं, हे मला फोनवर ऐकून फार बरं वाटलं. १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पत्र रोह्याच्या पोस्टातून गेलं.

आमच्या गटाचं विचाराल तर ते यंत्र आता चालतं, चांगलं चालतं. खजिनदार बाई परत आल्या. मी त्यांच्या घरी जाऊन बोलले, उशिराच बोलले. त्यानंतर आमच्या ठराव वहीत एक नियम आहे: तारीख लिहिलेली पावती दाखवल्याशिवाय आगाऊ रकमेच्या चेकवर दुसरी सही होत नाही.

रोह्याच्या पत्राची मुदत येत्या मंगळवारी संपते. विक्रेत्याचा परवा फोन आला होता, म्हणे. "मॅडम, एवढं पत्रबित्र कशाला, घरचीच माणसं आपण." ताईंनी त्याला विचारलं, घरचीच माणसं तर घरघंटी कुठल्या तारखेला आणताय? तो म्हणाला, विचारून सांगतो.

मंगळवारनंतर काय झालं ते पुढच्या वेळी सांगते. तोवर तुमच्यापैकी कुणाची वस्तू अशी अडकली असेल तर पावती शोधून काढा आणि तिच्यावर तारीख आहे का बघा. नमस्कार.